मास्तरांची मान

आमचे मास्तर नव्या शिष्याला पहिला धडा स्वतः देत नसत. त्यासाठी ते त्याला न्हाव्याकडे पाठवत.

मुलुंडच्या रेल्वे फाटकाजवळ एक सलून होतं. सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर काही रविवार नुसतं बसायचं आणि वस्तरा बघायचा. गप्पा मारायच्या नाहीत, वर्तमानपत्र चाळायचं नाही. दांडपट्टा शिकायचा म्हणून छाती फुगवून आलेला जवान गडी तिथे बसून लोकांच्या दाढ्या बघत राही आणि मनातल्या मनात मास्तरांना शिव्या घाली. मीही घातल्या. मग एके दिवशी मास्तर विचारत, काय पाहिलंस? कोणी म्हणे मनगट, कोणी म्हणे धार. एकाने तर फेस सांगितला होता. मास्तरांना यातलं काहीच पसंत पडत नसे. ते म्हणत, "दिवसभर इतक्या माना त्याच्या हातात येतात. कोणी टाळी वाजवली का कधी?"

टाळीशी त्यांचं उभं वैर होतं. टाळी ऐकली की हात डोक्याच्या पुढे पळतो, असं त्यांचं म्हणणं. गणपतीच्या मिरवणुकीत आमची पोरं खेळायची तेव्हा मास्तर आधी प्रेक्षकांना हात जोडून टाळ्या न वाजवण्याची विनंती करत. लोकांना आधी गंमत वाटे, मग कंटाळा येई, आणि गर्दी हळूहळू लेझीमवाल्यांकडे सरके. मास्तरांना त्याचं काहीच नव्हतं.

तसे ते भांडुपच्या एका मिठागराच्या कचेरीत कारकून होते. किडकिडीत अंग, डोक्यावर काळी टोपी, नाकावर घसरणारा चष्मा. हा मनुष्य दांडपट्टा फिरवतो असं सांगितलं तर ऐकणारा आपलीच चेष्टा समजायचा. कचेरीतून संध्याकाळी ते सायकल ढकलत घरी येत. सायकलवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. चालताना आपले पाय काय करतायत ते कळतं, सायकलवर कळत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मग सायकल घेतली कशाला, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, लग्नापासून विचारत होत्या आणि त्यांना अजून उत्तर मिळालेलं नव्हतं.

वस्ताद म्हटलेलं त्यांना खपत नसे. वस्ताद झाला की माणूस फेटा बांधतो, फेटा बांधला की मिशी वाढवतो, आणि मग शिकवायचं राहून जातं, असं ते म्हणत. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शनिवारी ते कोणाशीही भांडत नसत, कारण रविवारी हातात पट्टा धरायचा असे. काकी मालवणच्या, हुशार बाई. आठवड्याभराची सगळी गाऱ्हाणी त्या शनिवारसाठी राखून ठेवत.

मारुतीच्या देवळामागे, जिथे वस्ती संपून खाजण सुरू होतं, तिथल्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी आमचा आखाडा भरायचा. त्या वर्षांत पोरांना लाठी-पट्ट्याची भलती हौस आली होती. मुंबई कोणाची यावरून रोज सभा आणि रोज मोर्चे. एकदा इथलेच एक पुढारी आले आणि मोर्चाच्या पुढे चालायला लाठीवाली पोरं द्या म्हणाले. मास्तर म्हणाले, पोरं येतील, लाठ्या इथेच राहतील. पुढाऱ्यांनी डोळे वटारून विचारलं, मास्तर, तुम्ही महाराष्ट्राच्या बाजूचे आहात की नाही? मोर्चाच्या दिवशी मास्तर पहिल्या रांगेत होते, मोकळ्या हातांनी. लाठीमार झाला तेव्हा दोन रट्टे त्यांनाही बसले. दुसऱ्या दिवशी आम्हाला पाठ दाखवून त्यांनी पोलिसाचा हात कुठे चुकला होता ते समजावून सांगितलं.

मी त्यांच्याकडे कसा गेलो ते सांगायला हवं. मी नुकताच एका विम्याच्या कचेरीत चिकटलो होतो आणि फुंकलं तर उडून जाईन असं आमच्या आईचं म्हणणं होतं. अंगात जरा जोर येईल म्हणून तिने मला तिकडे हाकललं. जोर काही आला नाही. पण त्या माणसाची अशी सवय लागली की रविवार आठवड्यातून एकदाच का येतो याचं वाईट वाटू लागलं.

आता त्या लिंबाबद्दल.

दांडपट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, हात त्याच्या आत, आणि पुढे उभं धरलं तर छातीपर्यंत येणारं लवलवतं पातं. ते मनगटाने वळत नाही, अख्ख्या अंगाने वळवावं लागतं. आखाड्याआखाड्यांतून दसऱ्याला एक खेळ होतो. शिष्य जमिनीवर उताणा पडतो, त्याच्या गळ्यावर लिंबू ठेवतात आणि वस्ताद पट्ट्याच्या एका फेकीत लिंबाचे दोन तुकडे करतो. गळ्याला काही होत नाही. लोक वाहवा करतात, वस्तादाला श्रीफळ मिळतं.

आमच्याकडे हे उलटं होतं. मास्तर खाली पडत आणि शिष्य पट्टा फिरवी.

हे वेड त्यांनी कुठून आणलं असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, माझ्या वस्तादाने मला आडवं घातलं तेव्हा मला काहीच येत नव्हतं. पातं कुठून येणार, कुठे थांबणार, सगळं त्याला ठाऊक. म्हणजे शहाणपण त्याच्याकडे आणि भीती माझ्याकडे. हे काही मला बरोबर वाटलं नाही. ज्याने शिकवलं त्याची मान खाली पाहिजे. कच्चं शिकवलं असेल तर त्याचं त्याला कळेल.

त्यामुळे कोणासाठी आडवं व्हायचं ते मास्तर स्वतः ठरवत, आणि त्याची तारीख कोणाला सांगत नसत. रविवारी सकाळी त्यांच्या हातात लिंबू दिसलं की सगळा आखाडा गप्प होई. त्या दिवशी काकीही येत आणि देवळाच्या कट्ट्यावर बसत. लिंबं त्याच आणायच्या. बाजारातल्या पाटीतलं सगळ्यात मोठं आणि जाड सालीचं लिंबू त्या दाबून दाबून निवडत. एकदा तर त्यांनी चक्क ईडलिंबू आणलं होतं, नारळाएवढं. मास्तरांनी ते परत पाठवलं आणि त्या दिवशी काकी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एका रविवारी मास्तरांनी लिंबू माझ्यासमोर धरलं. मला वाटलं कापून सरबत करायला सांगतायत. मग त्यांनी टोपी काढली, चष्मा काढून टोपीत ठेवला आणि मातीत उताणे पडले. मी आखाड्यातला सर्वांत सुमार शिष्य होतो. हे मी नम्रपणे सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. खोबळ्यात हात घातला तर आत घामाने हात सरकायला लागला. मी तो पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. काकी कट्ट्यावरून उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता ओरडणार, आणि ओरडल्या तर फार बरं होईल असंही वाटलं. पण त्या हळूच म्हणाल्या, "लिंबाची साल जाड आसा. घाबरू नको." आणि परत जाऊन बसल्या.

मास्तर डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होते. गळ्याची घाटी वरखाली झाली की लिंबूही हलायचं. मी पवित्रा घेतला, मोडला, पुन्हा घेतला. कोणी घाई केली नाही. मग केव्हातरी माझं अंग आपणहून वळलं आणि पातं गेलं. लिंबू दोन्हीकडे पडलं. मास्तर उठून बसले आणि चष्मा चाचपू लागले. मी पट्टा खाली ठेवला आणि देवळाच्या आडोशाला जाऊन ओकलो. परत आलो तेव्हा काकी त्याच लिंबाचं सरबत घेऊन उभ्या होत्या. ते प्यावं लागे, तशी पद्धत होती.

सगळं गोडीगुलाबीने संपलं असतं. पण तेवढ्यात दिन्या पुढे आला.

दिन्या हा आखाड्याचा हिरा होता. भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. हात असा की त्याने पट्टा फिरवायला घेतला की आम्ही आपापले खेळ थांबवून बघत बसायचो. जमिनीवर मांडलेली लिंबं तो पळत पळत कापत जायचा आणि माती उडायची नाही. मास्तरांकडे तो सगळ्यांत जुना होता, पण मास्तर त्याच्यासाठी कधी आडवे झाले नव्हते. तो वाट बघत होता. आज माझ्यासारख्या लटपटणाऱ्याला तो मान मिळाल्यावर त्याचा धीर सुटला.

"मास्तर, आता माझी पाळी," तो म्हणाला.

"नाही," मास्तर म्हणाले.

"का?"

"माझी मान आहे. मी नाही म्हणतोय."

"ह्याचा हात थरथरत होता, त्याला दिलीत. माझा हात कधी चुकलाय ते सांगा ना."

"कधीच नाही," मास्तर म्हणाले.

मास्तर आणखी काही बोलतील असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. ते चष्मा पुसत राहिले. दिन्याने आपला पट्टा उचलला, पाया पडला आणि निघून गेला. मास्तरांनीच त्याला पूर्वी दसऱ्याला दिलेला तो पट्टा होता.

मला राहवलं नाही. नंतर मी विचारलं, मास्तर, तो माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला आहे. मास्तर म्हणाले, तो माझ्यापेक्षाही चांगला आहे. मान द्यायला तेवढं पुरत नाही. आणि सायकल ढकलत घरी गेले. त्या वेळी मला ते उत्तर फार भारी वाटलं होतं. नंतर तसं वाटेनासं झालं.

दिन्याने फाटकापलीकडे स्वतःचा आखाडा काढला. महिन्याभरात आमच्यातली निम्मी पोरं तिकडे गेली. न्हाव्याकडे बसायची भानगड नव्हती, पहिल्या दिवसापासून हातात लाठी. दिन्या जीव तोडून शिकवायचा, खोटं कशाला बोलू. त्याच्याकडे वसंता म्हणून एक होता, दवाखान्यात कंपाउंडर, हसरा. दिन्यावर त्याचा असा विश्वास की दिन्याने विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर विचारलं असतं, कुठल्या? वसंताचे वडील, आप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले करडे गृहस्थ. त्यांना हे सगळं नापसंत होतं. पण पोरगा कमावता होता, बोलणार काय?

तिकडचं मास्तरांच्या कानावर सगळं यायचं. दिन्याचा हात आता आणखी सुटलाय, कोणीतरी सांगायचं. मास्तर हं म्हणायचे. दिन्या दसऱ्याला मोठा कार्यक्रम करणार आहे, बँड सांगितलाय. मास्तर हं म्हणायचे. काकी मात्र एका शनिवारी तडकल्या. म्हणाल्या, पोर घरातून गेल्यासारखं गेलं आणि तुम्ही हं म्हणताय. मास्तर त्या शनिवारीही भांडले नाहीत. पण रात्री जेवले नाहीत, असं काकींनीच मला सांगितलं.

दसऱ्याच्या दिवशी मी फाटक ओलांडून कार्यक्रमाला गेलो. पताका लावलेल्या, पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर प्रमुख पाहुणे आणि मागे ही गर्दी. दिन्याने भगवा फेटा बांधला होता. फार देखणा दिसत होता तो. लाठी झाली, फरीगदका झाला, आणि मग बँड थांबला. वसंता हसत हसत पुढे आला आणि सतरंजीवर उताणा पडला. गळ्यावर लिंबू ठेवलं. दिन्याने एक गिरकी घेतली आणि लिंबू कापलं. असा स्वच्छ वार मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. टाळ्यांनी कान बसले.

तिथेच हे संपायचं. पण आपली मराठी माणसं. नाटकवेडी. गणपतीत त्याच मैदानावर संगीत नाटकं पाहिलेली, एकेक पद तीनतीनदा गायला लावणारी. मागून कोणीतरी ओरडलं, वन्समोर. मग दुसरा, मग सगळी गर्दी. पाहुण्यांनीही हसून मान हलवली. दिन्याने छातीवर हात ठेवून वाकून नमस्कार केला, अगदी नटासारखा, आणि दुसरं लिंबू मागितलं.

मला पुढे होऊन थांबवावंसं वाटत होतं, पण मी शंभर माणसांच्या मागे होतो. लिंबू ठेवलं गेलं. बँडवाल्याने उत्साहाने ढोलावर टिपरी मारली. आणि पडल्यापडल्या वसंताला हसू आलं. त्याने हसत गर्दीकडे तोंड वळवलं. दिन्याची गिरकी तेव्हा सुरू झालेली होती.

लोक टाळ्याच वाजवत होते. पुढच्या रांगेतली बाई किंचाळली तेव्हा कुठे त्या थांबल्या. जबड्यापासून खांद्यापर्यंत चिरलं होतं. कोणीतरी मिठाचा ट्रक अडवला, त्यात घालून वसंताला मोठ्या इस्पितळात नेलं. दिन्या सतरंजीवर गुडघे टेकून बसला होता. खोबळ्यातून हात काढायचं त्याला सुचत नव्हतं. मीच तो काढला.

मी पळत फाटक ओलांडून मास्तरांकडे गेलो. घरी शस्त्रांची पूजा मांडलेली होती. मी सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "जिवंत आहे?" मी म्हटलं, मी निघालो तेव्हा होता. त्यांनी अंगात सदरा घातला आणि इस्पितळात जायच्या आधी सरळ पोलीस चौकी गाठली. मी मागोमाग. हवालदारासमोर उभे राहून म्हणाले, दिनकरला पकडाल तर मलाही पकडा, पट्टा मी शिकवलाय.

हवालदार वैतागलेला होता. त्याने विचारलं, "तुम्ही तिथे होतात का?"

"नव्हतो."

"मग तुमचा काय संबंध?"

"तोच तर सांगतोय. मी तिथे असायला हवा होतो," मास्तर म्हणाले.

हवालदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, म्हाताऱ्याचं डोकं ठीक आहे ना?

वसंता वाचला. शीर थोडक्यात हुकली, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला की मान मीच हलवली, दिन्याचा दोष नाही. खटला झाला नाही. सगळे म्हणाले, सुटलो बुवा. पण कोणीच सुटलं नव्हतं.

दिन्याचा उजवा हात थरथर कापू लागला. चहाचा कप धरला तर बशी वाजायची. कारखान्यात त्याला लेथवरून काढून गोदामात बसवलं. तो दाढी करेनासा झाला, वस्तरा हातात धरवत नव्हता आणि दुसऱ्याने वस्तरा गळ्याजवळ आणलेला बघवत नव्हता. त्याचा आखाडा मोडला. पट्टा खाटेखाली गंजत पडला.

इकडे मास्तरांनीही आपला आखाडा बंद केला. कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच केला. रविवारी सकाळी आता ते वसंताच्या घरी जाऊन बसत. मीही बरोबर जाई. व्हरांड्यात एक स्टूल होतं, त्यावर मास्तर. मी कठड्याला टेकून. आप्पा समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेले, एक शब्द बोलत नसत. चहा सोडा, पाणी विचारत नसत. आत वसंता पट्ट्या बांधून पडलेला. तासाभराने मास्तर उठत, नमस्कार करत आणि आम्ही परत येत असू. अपमान होतोय हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. मला राग येई. मास्तरांना म्हटलं, तुम्ही कशाला हे सोसता? ते म्हणाले, तुला यायलाच पाहिजे असं नाही.

असे बरेच रविवार गेले. एकदा आप्पांनी पेपर खाली ठेवला.

"तुम्ही का येता?" त्यांनी विचारलं. "कापलं तुमच्या शिष्याने. तुमच्याकडे तो नव्हताही."

मास्तर एरवी फटकन उत्तर देणारे. त्या दिवशी त्यांनी आधी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या पोराला भीती ठाऊक नव्हती," ते म्हणाले. "मला ते दिसत होतं. म्हणून मी त्याला नाही म्हटलं आणि घरी गेलो. मला वाटलं, माझं काम झालं. हत्यार माझ्याच हाताने दिलं होतं, ते काढून घेतलं नाही. भीती शिकवायची राहिली होती, ती शिकवली नाही. आपली मान तेवढी वाचवली, आप्पा. मग तुमच्या मुलाची गेली असती."

आप्पा उठून आत गेले. थोड्या वेळाने वसंताची आई पाण्याचे दोन पेले घेऊन आली. मास्तर ते पाणी प्यायले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

परत येताना फाटकाशी गाडीसाठी थांबावं लागलं. तिथे मास्तर म्हणाले, पट्टा संपला तर संपू दे, त्याचं काही नाही. पण दिन्या असा संपता कामा नये. त्यांनी हे इतक्या हळू सांगितलं की गाडीच्या आवाजात मला ते अर्धंच ऐकू आलं, पण अर्ध्यानेही कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. बरोबर काकी होत्या. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशाला फुगवटा होता. भांडुपला, दिन्याच्या चाळीत जायचंय, मास्तर म्हणाले. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी मला दाराच्या बाजूला ओढलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्याच्यान बघवूचा नाय. ह्यांका घराक घेऊन ये." मग पदर खांद्यावर घेऊन त्या आमच्या आईजवळ जाऊन बसल्या.

वाटेत वसंता आम्हाला येऊन मिळाला. मास्तरांनी त्याला सांगून ठेवलं होतं. जबड्यावरची खूण अजून लाल होती. त्याच्या मागे चार पावलांवर आप्पा होते. मुलाला एकट्याने तिकडे जाऊ देणार नाही म्हणून ते आले होते, आणि आमच्यापैकी कोणाशीही बोलत नव्हते.

दिन्या चाळीसमोरच्या अंगणात नळावर कपडे धूत होता. वसंताला बघून तो उभा राहिला, मग मान खाली घालून आत जायला वळला. मास्तर म्हणाले, पट्टा घेऊन ये. तो हलला नाही. मास्तर स्वतः आत गेले आणि खाटेखालून पट्टा काढून घेऊन आले. अंगणातल्या दगडावर बसून त्यांनी राखेने पातं घासलं. चाळीतली माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली होती. मास्तरांनी वर बघून हात जोडले, तेव्हा सगळे गप्प झाले. मग त्यांनी टोपी काढली, चष्मा टोपीत ठेवला आणि अंगणात उताणे पडले. खिशातलं लिंबू स्वतःच गळ्यावर ठेवलं.

दिन्या मागे सरकला. म्हणाला, "मास्तर, हात कापतो माझा. हे बघा."

"दिसतोय. भीती वाटते?"

"हो."

"मग ये. आज मान द्यायला हरकत नाही."

दिन्या रडायला लागला. दाढी वाढलेला, एवढा धिप्पाड गडी, उभ्या अंगणात रडत होता. मास्तर तसेच पडून होते. मला त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या वेळीही वाटली असणार, आणि तरी ते पडले होते.

दिन्याने खोबळ्यात हात घातला. पात्याचं टोक थरथरत होतं, उन्हात ते स्पष्ट दिसायचं. त्याने पवित्रा घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला. एकदा तर फेक सुरू करून त्याने ती मध्येच तोडली आणि पातं जमिनीवर आदळलं. गॅलरीतली एक म्हातारी देवाचं नाव घेऊ लागली. वसंताने आपल्या वडिलांचा दंड धरला होता. मी मास्तरांना उठवायला पुढे झालो, तर त्यांनी पडल्यापडल्या बोट हलवून मला थांबवलं.

मग दिन्या वळला.

लिंबू कापलं गेलं. एक तुकडा नळापर्यंत गेला. मास्तर उठून बसले आणि गळ्याला हात लावला. तिथे एक बारीक लाल रेघ उठली होती, मांजराने ओरबाडल्यासारखी, आणि लिंबाचा रस तीत झोंबत होता. दिन्याने ती रेघ पाहिली आणि पट्टा टाकून दिला.

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं," मास्तर म्हणाले. "केवढं चुकलं ते तुला कळलं की नाही?"

"कळलं."

"पूर्वी कळत नव्हतं. आता तू शिकव." त्यांनी चष्मा लावला आणि माझा हात धरून उठले.

वसंताने आपल्या वडिलांचा दंड सोडला. पुढे जाऊन त्याने जमिनीवरचा पट्टा उचलला आणि दिन्यासमोर धरला. दिन्या त्याच्या जबड्याकडे बघत होता. म्हणाला, "तुला कोणासमोर मी आडवं घालणार नाही रे पुन्हा. तुला येईल तेव्हा मीच पडेन." वसंताने विचारलं, "आणि मला नाही आलं तर?" दिन्या म्हणाला, "येईपर्यंत शिकवीन."

सगळ्यांना आता आप्पांचं भय वाटत होतं. मुलाचा बाप तो. त्यांनी एका शब्दाने हे सगळं उधळलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. ते पुढे आले, मास्तरांच्या गळ्यावरची रेघ अगदी जवळून पाहिली, मग मुलाच्या जबड्याकडे पाहिलं.

"रविवारी कितीला पाठवू?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर दिन्याकडे वळले. मग आप्पाही त्याच्याकडे वळले.

"सहाला," दिन्या म्हणाला.